काळवंडलेली अलॉय व्हील्स घरच्या घरी परत कशी चमकवायची

खंडेनवमीला गाडीची पूजा करताना दरवर्षी मला एकच गोष्ट खुपायची. बॉडी चकाचक, बॉनेटवर झेंडूचा हार, आणि खाली बघावं तर चाकं काळपट, मधे मधे पांढरे चट्टे आणि नटांच्या खळग्यात चॉकलेटी थर. गाडी २०१३ ची, १५ इंची अलॉय, इंजिन अजून ठणठणीत पण चाकांमुळे उगाच म्हातारी दिसायची. नवीन चार अलॉयचा भाव विचारला आणि गप घरी आलो. मग दसऱ्यानंतरचे चार रविवार घालवून सिंहगड रोडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच चारही चाकं केली. त्यात जे जे कळलं ते सगळं लिहितोय म्हणजे तुमचं चाक वाया जायला नको.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण हे वाचा. पॉलिशची ट्यूब उघडायच्या आधी आपल्या चाकावर नेमकं काय आहे ते ओळखा. आपल्याला वाटतं ॲल्युमिनियम काळं पडलं, पण बहुतेक कंपनीच्या चाकांवर आपण ॲल्युमिनियमला हातच लावत नसतो, वर प्रायमर असतो, त्यावर सिल्व्हर रंग आणि त्यावर पारदर्शक लॅकर म्हणजे क्लिअरकोट. खराब झालेला असतो तो हा वरचा थर, किंवा त्यावर बसलेली घाण. मेटल पॉलिश हे उघड्या धातूसाठी असतं, ते लॅकरवर तासभर घासत बसलात तर हात दुखतील आणि लॅकर अजून मंद होईल, बाकी काही नाही.

ओळखायची सोपी युक्ती अशी. चाकाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी चिंचोक्याएवढं मेटल पॉलिश पांढऱ्या सुती फडक्यावर घ्या आणि अर्धा मिनिट घासा. पण जागा आधी नीट धुवून घ्या, नाहीतर ब्रेकचीच काजळी फडक्याला लागेल आणि तुम्ही फसाल. फडकं काळंकुट्ट झालं तर धातू उघडा आहे. पांढरंच राहिलं तर वर क्लिअरकोट आहे. सिल्व्हरसर करडा रंग आला तर क्लिअरकोट गेलाय आणि खालचा पेंट निघायला लागलाय. बरेचदा एकाच चाकावर दोन्ही सापडतं, स्पोकवर लॅकर शाबूत आणि फुटपाथला घासून घासून कडेला धातू उघडा.

आणखी दोन जाती आहेत त्यांना घरी पॉलिश पेपर (घासायचा कागद) लावायचा नाही. एक डायमंड कट, म्हणजे उजेडात तिरकं धरलं की सीडीसारख्या बारीक गोल रेषा दिसतात ते. त्या रेषा लेथवर काढलेल्या असतात, पेपर मारला की गेल्या त्या गेल्याच, परत आणायला सीएनसी लेथवालंच दुकान गाठावं लागतं आणि प्रत्येक वेळी थोडा धातू जातो म्हणून तेही एखाद-दोन वेळाच करता येतं. दुसरं क्रोम. क्रोमला फक्त धुणं आणि वॅक्स. आणि चाकाला तडा असेल किंवा रिम वाकलेली असेल तर घरी ठोकायची नाही, तापवायची नाही, वेल्डिंग तर अजिबात नाही. अलॉयला कारखान्यात ठरलेल्या तापमानाला तापवून, थंड करून ताकद दिलेली असते, वरून ब्लोलॅम्प मारला तर ती ताकद जाते आणि हे बाहेरून दिसत नाही.

आता रंग का जातो ते थोडं समजून घेऊ, कारण मग कुठली घाण कशाने निघेल ते आपोआप कळतं.

चॉकलेटी थर हा ब्रेकचा. ब्रेक दाबला की पॅड आणि बीडाची डिस्क दोन्हीची बारीक पूड उडते, त्यात लोखंड असतं, ती तापलेली पूड लॅकरमध्ये रुतते आणि पावसात गंजते. पुढची चाकं कायम जास्त घाण का, तर ब्रेकचं मोठं काम पुढेच होतं आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम असतात, त्यात पूड आतच राहते. पांढरे गोल डाग हे पाण्याचे. पुण्यात ज्यांच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी आहे त्यांना हे सांगायला नको, बादलीला जो पांढरा थर बसतो तोच चाकाला बसतो. आणि तिसरं सगळ्यात वाईट, लॅकरच्या खाली अळ्या फिरल्यासारख्या पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा. लॅकरला कुठेतरी खडा लागून भोक पडलं की तिथून ओल आत शिरते आणि धातू लॅकरच्या खाली खालीच खराब होत जातो. ते वरून कितीही घासा निघणार नाही कारण ते वर नाहीच.

आईला मी हे सांगत होतो तर ती म्हणाली, अरे कुकरचं तेच आहे की, लिंबाची साल टाकली नाही तर आतून काळा पडतो. अगदी बरोबर. आपल्या आज्या ज्याला जर्मलची भांडी म्हणायच्या ते हेच ॲल्युमिनियम. त्याच्यावर हवेनेच एक अगदी पातळ ऑक्साईडचा थर बसतो आणि तोच त्याला सांभाळतो, पण तो थर साधारण ४ ते ८.५ पीएचमध्येच टिकतो. पाणी जास्त क्षारी झालं की तो विरघळायला लागतो आणि धातू काळवंडतो, लिंबाची साल किंवा चिंच टाकली की पाणी किंचित आंबट होतं आणि भांडं वाचतं. पण म्हणून ॲसिड ओतायचं असं नाही, जोरदार ॲसिड पण तो थर खातं. कॉस्टिक सोडा असलेलं काहीही, म्हणजे ड्रेनेज साफ करायची पावडर, ओव्हन क्लीनर, चाकाच्या जवळ आणू नका. आणि टॉयलेट क्लीनर तर नकोच.

हे मी अनुभवाने सांगतोय. तीन वर्षांपूर्वी एका वॉशिंग सेंटरला गाडी टाकली होती, त्या मुलाने बाटलीतून काहीतरी फवारलं, फेस आला, धूर आल्यासारखं झालं आणि पाच मिनिटांत चाकं लखलखीत. मी खूश. आठवड्याने बघतो तर जिथे जिथे लॅकरला ओरखडे होते तिथे दुधाळ पांढरे चट्टे, आणि पुढे पावसाळ्यात त्याच चट्ट्यांपासून लॅकर पापुद्र्यासारखं सुटायला लागलं. तेव्हापासून कुठेही गाडी धुवायला दिली तर आधी सांगतो, चाकांना ॲसिड मारायचं नाही, फक्त शाम्पू.

सामान काय लागतं. पॉलिश पेपर पाण्यातला, दुकानात वॉटरपेपर म्हणून मागा, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे दोन दोन, फार खोल ओरखडे असतील तर एक २२०. रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत सगळं मिळतं, हातमोजे आणि ड्रिलला लावायचे कापडी बफ पण. आयर्न रिमूव्हर, कंपाऊंड, मेटल पॉलिश आणि स्प्रेचे डबे कार ॲक्सेसरीजच्या दुकानात, नाना पेठेत बघा. मायक्रोफायबरची फडकी भरपूर घ्या कारण धातूचं फडकं धुतलं तरी परत गाडीच्या बॉडीला वापरायचं नसतं. तारेची घासणी किंवा स्टील वूल घेऊ नका, त्याचे बारीक लोखंडी कण ॲल्युमिनियममध्ये अडकतात आणि तिथेच गंजाचे ठिपके येतात.

चाक काढूनच काम करा. गाडीवर ठेवून नुसतं धुणं होतं, पॉलिश होत नाही. सपाट जागा, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, जॅक लावायचा त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना विटा. नट आधी चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे आणि मग जॅक लावायचा. आणि सगळ्यात सोयीचं म्हणजे एका वेळी एकच चाक काढा आणि तिथे स्टेपनी लावून टाका, म्हणजे गाडी रात्रभर जॅकवर राहत नाही आणि चाक निवांत घरात नेता येतं. काही गाड्यांची स्टेपनी लहान असते आणि काहींचे अलॉयचे नट आणि लोखंडी चाकाचे नट वेगळे असतात, तेवढं गाडीच्या पुस्तकात बघून घ्या.

आता धुणं. ह्यात घाई करू नका कारण माझ्या चारपैकी एक चाक नुसत्या धुण्यानेच नव्वद टक्के झालं. आधी साधं पाणी आणि कार शाम्पू, जुना टूथब्रश घेऊन नटांचे खळगे, स्पोकची मागची बाजू. चाक थंड असलं पाहिजे. मग पुसून आयर्न रिमूव्हर फवारा आणि बघत राहा, दोन मिनिटांत जिथे जिथे लोखंडाचे कण आहेत तिथून जांभळे ओघळ यायला लागतात. वास सडक्या अंड्यासारखा येतो, पार्लरमध्ये केस कुरळे करायला जे वापरतात त्याच जातीचं केमिकल आहे ते, त्यामुळे मोकळ्या हवेत करा. तीन ते पाच मिनिटं, वाळू द्यायचं नाही, ब्रश मारून धुवून टाकायचं, गरज पडली तर परत. माझ्या पुढच्या चाकाला तीन वेळा करावं लागलं आणि तिसऱ्या वेळी पण जांभळं आलंच. डांबराचे काळे ठिपके रॉकेल किंवा टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन, रबरावर सांडू न देता. पाण्याच्या पांढऱ्या डागांना पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, दोन-तीन मिनिटं आणि लगेच धुवायचं. शेवटचं पाणी पिण्याच्या नळाचं बादलीभर घ्या आणि लगेच कोरडं पुसा, बोअरच्या पाण्याने धुवून उन्हात ठेवलं तर पहिल्यापासून सुरुवात.

धुतल्यावर बोट फिरवून बघा. लॅकर सगळीकडे शाबूत आहे पण नुसतं मंद आणि पिवळट दिसतंय असं असेल तर तुमचं काम सोपं. १५०० चा, मग २००० चा पेपर पाण्यात अगदी हलक्या हाताने, आणि मग रबिंग कंपाऊंड, मग बारीक पॉलिश, मग वॅक्स. लॅकर फार पातळ असतं, पेपरने जे पाणी पांढरट येतं ते लॅकर, त्यात सिल्व्हर रंग दिसायला लागला की थांबा, तुम्ही आरपार गेलात. फार मंद नसेल तर पेपर लावूच नका, कंपाऊंडनेच भागतं.

लॅकर सुटतंय, खाली पांढऱ्या रेषा आहेत, तर मग वरचं सगळं काढावं लागतं. हे खरं कष्टाचं काम आणि खरा आनंद पण ह्यातच आहे.

आधी टायर झाकायचा. टायरमधली थोडी हवा कमी करा आणि रबर आणि रिमच्या मधे जुन्या लग्नपत्रिका खोचत जा एकावर एक चढवून, जाड चकचकीत पुठ्ठ्याच्या पत्रिका ह्याला अगदी योग्य, मास्किंग टेपपेक्षा कितीतरी बरं बसतं. आमच्याकडे टीव्हीखालच्या कप्प्यात गठ्ठाच होता. बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं काढू नका, निघालीच तर काम झाल्यावर बॅलन्सिंग करून घ्या.

पेंट काढायला जेलसारखा पेंट रिमूव्हर मिळतो. डब्यावर वाचून घ्या, कॉस्टिकवाला नको, ॲल्युमिनियमला चालतो असं लिहिलेला हवा. जाड हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, आणि उघड्यावरच, बंद पार्किंगमध्ये किंवा बाथरूममध्ये अजिबात नाही कारण ह्यातल्या काहींची वाफ खरंच धोकादायक असते. जाडसर थर लावा, वर प्लास्टिकची पिशवी पसरा, पंधरा-वीस मिनिटांनी पेंट सुरकुतून वर येतो. प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडा, लोखंडी नको. दोन हात लागतात, मग भरपूर पाण्याने धुवा. खरवडलेला चिखल गटारात नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा ठेवा.

आता समोर उघडा धातू असतो, करडा, खडबडीत, आणि पहिल्यांदा बघून वाटतं आपण चाकाचं वाटोळं केलं. तसं नाही, इथूनच सुरुवात आहे. कडेचे ओरखडे आधी बारीक कानशीने फक्त उभे राहिलेले काटे काढण्यापुरते सारखे करा, मग २२० किंवा ३२०. पेपर बादलीत दहा मिनिटं भिजवा, पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, आणि पेपर रबराच्या तुकड्याला गुंडाळून घासा, नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या जागी खड्डे पडतात. ओलंच घासायचं ह्याला अजून एक कारण आहे, ॲल्युमिनियमची कोरडी बारीक पूड पेट घेऊ शकते, म्हणून ग्राइंडरने लोखंड कापतात त्याच्या शेजारी बसून हे काम करू नका.

सगळी चमक ह्या पेपरवरच ठरते, पॉलिशवर नाही. नियम एकच, आधीच्या पेपरचा प्रत्येक ओरखडा पुढच्या पेपरने गेल्याशिवाय त्याच्या पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. कळणार कसं? ४०० ने आडवं घासलं असेल तर ६०० ने उभं घासा. आडवी एकही रेषा दिसेनाशी झाली की ६०० चं काम झालं, मग ८०० परत आडवं. दर वेळी चाक धुवा, पुसा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. पहिल्या चाकाला मी ४०० वरून थेट १००० वर गेलो, पॉलिश केल्यावर लांबून आरसा दिसत होता आणि जवळ गेलं की आत बारीक केस पडल्यासारख्या रेषा, शेवटी सगळं परत ६०० पासून करावं लागलं, एक अख्खा रविवार गेला. ८०० च्या पुढे मात्र काम भराभर होतं. २००० झाला की बोटाखाली काचेसारखं लागतं आणि धुरकट आरसा तयार असतो.

पेपर कुठे लावायचा नाही ते पण बघा, नट बसतात ते उतरते खळगे आणि मागे हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला, टेकणारी सपाट जागा. तिथे फक्त घाण साफ करायची, माप बदलायचं नाही.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो पेपरच्या आधीच घेतलेला बरा. आरशासारखी चमक हवी असेल तर धातू उघडाच राहणार, कारण एकदम गुळगुळीत केलेल्या ॲल्युमिनियमला लॅकर नीट धरत नाही, काही महिन्यांत सुटतं आणि परत त्याच अळ्या. ज्यांना दर महिन्याला चाकाला हात लावायचा कंटाळा नाही त्यांनीच हे करावं. बाकीच्यांनी ४००-६०० लाच थांबून प्रायमर, सिल्व्हर आणि क्लिअर मारावा, दिसायला कंपनीसारखं आणि टिकायला जास्त. मी पुढची दोन आरसा केली आणि महिन्याभरात लक्षात आलं की आपल्या पुण्याच्या पावसात रोज वापरायच्या गाडीला पेंटच योग्य, मागची दोन तशी केली आणि खरं सांगायचं तर आता पुढची पण तशीच करणार आहे.

आरसा करणाऱ्यांसाठी. मेटल पॉलिश, ब्रासो पण चालतं पण ऑटोसोलसारखी घट्ट पेस्ट जास्त बरी, वाटाण्याएवढी घ्या आणि हाताच्या पंज्याएवढीच जागा घासा. पेस्ट काळी होते, होऊ द्या, ते काळं म्हणजेच धातू निघतोय, आणि ती काळी पेस्टच पुढे चमक आणते म्हणून लगेच पुसू नका. ड्रिलला कापडी बफ लावला तर वेळ निम्मा होतो, पण स्पीड कमी आणि हात सतत फिरता, एका जागी धरलं की धातू तापतो आणि पेस्ट भाजून चिकटते. शेवटी स्वच्छ फडक्याने, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने तेलकटपणा काढून लगेच वॅक्स किंवा सीलंट. हे वॅक्स महिन्याने परत, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी.

पेंट करणाऱ्यांसाठी. खोल खड्ड्यांना दोन भागांचं पुट्टी मिक्स करून भरा, वाळल्यावर ४०० ने सारखं करा. धातू थिनरने पुसा आणि त्यानंतर नुसत्या हाताने शिवू नका. पहिला हात ॲल्युमिनियमसाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरून बसणारा, हा टाळला तर वरचं सगळं पापडासारखं निघतं. डबा दोन मिनिटं हलवा, २०-२५ सेंटीमीटरवरून पातळ पातळ तीन हात, दोन हातांच्या मधे दहा-पंधरा मिनिटं. ओघळ येतो तो लोभाने, एकाच हातात झाकायला गेलं की आलाच. मग सिल्व्हर तसाच, मग क्लिअर तसाच. तोंडाला नुसता रुमाल नको, गॅससाठीचा मास्क लावा, आणि हार्डनरवाला टू-के क्लिअर तर पेंटरकडूनच बूथमध्ये मारून घ्या, त्यातलं आयसोसायनेट फुफ्फुसाला घातक आहे. जून ते सप्टेंबर हे काम करूच नका, हवेत ओल असली की क्लिअर धुक्यासारखा पांढरा पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहानंतर, धूळ उडत नसेल तेव्हा. एक दिवस चाक बाजूला ठेवा आणि आठवडाभर प्रेशरचं पाणी नको.

पुढची निगा फार नाही. पंधरा दिवसांतून एकदा शाम्पू आणि मऊ ब्रश. सिंहगड उतरून किंवा कात्रजचा घाट करून आलात की तापलेल्या चाकांवर गार पाण्याचा पाइप मारू नका, डाग पडतात आणि डिस्क वाकायची भीती, अर्धा तास थांबा.

चाक परत बसवताना हबचा गंज ब्रशने काढा, नट हाताने दोन-तीन फेरे फिरवून मगच पाना लावा, आट्यांना तेल-ग्रीस लावू नका आणि एका नटाकडून समोरच्या नटाकडे असं चांदणीच्या आकारात आवळा. टायरमध्ये हवा भरायची आठवण ठेवा, पत्रिका खोचताना कमी केलेली असते. टॉर्क रेंच असेल तर गाडीच्या पुस्तकातला आकडा, नसेल तर टायरवाल्याकडून लगेच तपासून घ्या, आणि साधारण १०० किलोमीटर झाल्यावर परत एकदा. मी लोणावळ्याला जाऊन आलो आणि सोसायटीच्या गेटात शिरल्या शिरल्या पाना काढला, पुढच्या डाव्या चाकाचा एक नट पाव फेरा आवळला गेला.